नाफ्लिओला पहिल्यांदा जाताना: तीन किल्ले आणि दोन रात्री

ग्रीसमध्ये अथेन्सहून एका दिवसात मायसिनी, एपिदाव्रोस ही प्राचीन स्थळं आणि जाता जाता नाफ्लिओ हे गाव, असा बेत बऱ्याच सहल कंपन्या आखतात. त्यात नाफ्लिओच्या वाट्याला दीड-दोन तास येतात. बंदरावर कॉफी, एक आइस्क्रीम, डोंगरावरच्या किल्ल्याचा खालूनच फोटो, आणि चला, बस सुटली. ज्यांना तेवढं पुरतं त्यांनी खुशाल तसं जावं. पण गड बघायचा म्हणजे चढूनच बघायचा, अशी पायांना सवय असलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी इथे निदान दोन रात्री राहावं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आधी थोडा भूगोल. नाफ्लिओ हे दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या पूर्वेकडचं, आर्गोलिक आखातावरचं बंदर. किल्ले तीन. गावाच्या डोक्यावर लांबट खडकावर आक्रोनाफ्लिया, हा सगळ्यात जुना. त्याच्यामागे 216 मीटर उंचीच्या डोंगरावर पालामिदी. आणि बंदरासमोर पाण्यात बसलेला चिमुकला बुर्त्झी. एक गिरिदुर्ग, एक जलदुर्ग आणि मधे गावाला चिकटलेला बालेकिल्ला, असं समजा. 1829 ते 1834 या काळात स्वतंत्र ग्रीसची राजधानी इथे होती, अथेन्स नंतर आलं.

इतिहासाचं जाडजूड पुस्तक वाचून जायची गरज नाही, चार वर्षं पाठ करा: 1540, 1686, 1715, 1822. व्हेनिसकडून ऑटोमन तुर्कांकडे, परत व्हेनिसकडे, परत तुर्कांकडे आणि शेवटी ग्रीकांकडे, असं गाव फिरत राहिलं. कुठल्याही भिंतीवर पंख असलेला सिंह कोरलेला दिसला की ती व्हेनिसची निशाणी, आणि घुमट दिसला की ती बहुधा जुनी मशीद.

कागदपत्रं आणि हंगाम

ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशगटात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये, उन्हाळी सुट्टीच्या सुमारास भेटीची वेळच लवकर मिळत नाही. मोठ्यांसाठी फी 90 युरो, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे वेगळे पैसे. प्रवासविमा निदान 30,000 युरोचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर आखाती देशांतून किंवा इस्तंबूलहून एक बदल करून अथेन्स गाठता येतं.

जायचं ते एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबर संपता संपता. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 च्या वर जातो. 'आम्हाला उन्हाचं काय कौतुक' असं विदर्भातल्या माणसाने म्हणू नये, कारण चढायच्या वाटेवर झाड नाही आणि खडक तापलेला असतो. उष्णतेची लाट आली की ग्रीसमधली पुरातन स्थळं भर दुपारी बंदही ठेवतात. हिवाळ्यात गर्दी नसते, खोल्या स्वस्त असतात, पण पाऊस असतो आणि किल्ल्याचा दरवाजा दुपारी लवकर बंद होतो. एक फायदा मात्र आहे: नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळांना प्रवेश फुकट असतो, तसाच 28 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीलाही. एरवी तिकिटाचा त्या वर्षीचा दर आणि वेळ ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा. जुन्या प्रवासवर्णनांतल्या आकड्यांवर जाऊ नका.

अथेन्सहून तिथपर्यंत

अंतर साधारण 140 किलोमीटर. रेल्वेच्या भानगडीत पडू नका, बस बरी. आंतरजिल्हा बसगाड्यांना तिथे 'क्तेल' म्हणतात. आपल्या एसटीसारखंच, फक्त प्रत्येक जिल्ह्याची क्तेल वेगळी, तिकीटखिडकीही वेगळी. तुम्हाला हवी ती आर्गोलिदा जिल्ह्याची. ती अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून सुटते. विमानतळावरून तिथे यायला एक्स 93 ही शहर बस आहे आणि ती रात्रंदिवस चालते. हीच बस लिओसिओन नावाच्या दुसऱ्या बसस्थानकालाही जाते, तिथे घाईने उतरलात तर फसाल.

प्रवास दोन ते अडीच तासांचा. साधारण तासाभराने करिंथचा कालवा लागतो: 1893 मध्ये खुला झालेला, 6.4 किलोमीटर लांब, दोन्हीकडे सरळसोट कापलेला खडक. पुलावरून तो जेमतेम दोन सेकंद दिसतो, म्हणून मोबाइल आधीच काढून ठेवा. मी तेव्हा बिस्किटाचा पुडा फोडत होते.

नाफ्लिओत बस जुन्या गावाच्या कडेलाच सोडते. मान वर केली की पालामिदी.

खोली कुठे घ्यावी

जुन्या गावातच. गाडीने येणार असाल तरच नव्या भागाचा विचार करा, कारण जुन्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. पण खोली ठरवण्याआधी एक प्रश्न न विसरता विचारा: दारापर्यंत पायऱ्या किती? गाव आक्रोनाफ्लियाच्या उतारावर चढत गेलंय. समुद्राकडून तिसरी-चौथी गल्ली म्हणजे गल्ली नसतेच, ती जिनाच असते. आमच्या खोलीच्या जाहिरातीत 'बंदराचं सुंदर दृश्य' असं लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. ते दृश्य एवढं सुंदर का दिसतं, हे दोन बॅगा आणि सत्तरीची आई घेऊन वर पोचल्यावर कळलं. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर सिंताग्मा चौकाच्या आसपास, सपाटीवर खोली घ्या.

शुक्रवार-शनिवार शक्यतो टाळा. अथेन्सच्या लोकांचं हे शनिवार-रविवारचं गाव आहे, भाव चढतात. सोमवार ते गुरुवार हेच गाव निवांत असतं.

पहिली संध्याकाळ: गाव पायाखाली घालणं

पोचल्या पोचल्या किल्ला चढायला धावू नका. सिंताग्मा चौकात जाऊन बसा. सगळा चौक गुळगुळीत दगडी फरशीचा. पाऊस पडून गेला असेल तर चपलेने चालू नका, साबणावर चालल्यासारखं होतं. चौकाच्या एका टोकाला 1713 मधलं व्हेनिसचं कोठार आहे, त्यात आता पुरातत्त्व संग्रहालय भरतं. एक जुनी मशीद चौकातच आहे, दुसरी तिथून चार पावलांवर मागच्या बाजूला, जिच्यात स्वतंत्र ग्रीसची संसद भरायची. संध्याकाळी मोठी माणसं खुर्च्यांवर आणि पोरं मधल्या मोकळ्या जागेत चेंडू लाथाडत असतात. चेंडू तुमच्या टेबलाखाली आला तर परत मारायचा, एवढाच शिष्टाचार.

तिथून वरच्या अंगाला सेंट स्पिरिडॉनचं चर्च शोधा. चर्च इतकं लहान आहे की गल्लीतून चालताना चुकतं. दरवाजाच्या बाजूला भिंतीत काचेचा एक तुकडा बसवलेला दिसेल. काचेमागे दगडाला पडलेला एक छोटा खड्डा आहे, तो बंदुकीच्या गोळीचा म्हणून जपलाय. स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास 9 ऑक्टोबर 1831 रोजी सकाळी प्रार्थनेला आला आणि याच दारात मारला गेला. त्याने मानी प्रांतातल्या माव्रोमिहालिस घराण्याच्या प्रमुखाला कैदेत टाकलं होतं. त्या प्रमुखाचा भाऊ आणि मुलगा दाराशी उभे होते. भाऊबंदकी आणि सरदारांचे मानापमान यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आई त्या काचेसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "देवळाच्या दारात गं."

पालामिदी: सकाळी, म्हणजे खरंच सकाळी

वर जायचे रस्ते दोन. डोंगराच्या मागून डांबरी रस्ता थेट वरच्या दरवाजापर्यंत जातो, टॅक्सी सोडते. दुसरा रस्ता पायऱ्यांचा. पायऱ्या 999 आहेत असं गावातला प्रत्येक जण सांगतो. हजारावी पायरी कोलोकोत्रोनिस नावाच्या सेनापतीच्या घोड्याने टापेने फोडली, हेही सांगतो. प्रत्यक्षात कोणी 857 मोजतं, कोणी 900 च्या थोडं पुढे. माझे आणि नवऱ्याचे आकडे जुळले नाहीत आणि त्यावरून वर पोचेपर्यंत वाद पुरला.

आमची विभागणी अशी होती: आई टॅक्सीने, आम्ही पायी, भेट वरच्या दरवाजात. घरात वयस्कर माणूस असेल तर हीच रीत सोयीची. उतरतानाही त्यांना टॅक्सीच द्या. उतरणं गुडघ्यांना चढण्यापेक्षा वाईट, हे सिंहगड केलेल्यांना माहीत आहे. फक्त परतीची टॅक्सी कधी हवी ते चालकाला आधीच सांगून ठेवा, वर उभी टॅक्सी मिळेलच असं नाही.

पायऱ्या गावाच्या कडेने, ग्रिमानी बुरुजापाशी, पोलिझोइदिस याच्या नावाच्या रस्त्यावरून सुरू होतात. हे नाव लक्षात ठेवा, वर गेल्यावर कामाला येईल. किल्ला उघडायच्या वेळेला वर पोचायचं, अशा हिशोबाने निघा. सरावलेल्याला अर्धा तास, एरवी पाऊण. बूट पकड असलेले हवेत, पायऱ्या झिजलेल्या आणि लहानमोठ्या आहेत. प्रत्येकी लिटरभर पाणी घ्या.

आता वर काय बघायचं. आपल्या डोळ्यांना किल्ला म्हणजे डोंगराच्या कड्याकड्याने फिरणारी तटबंदी आणि तिच्यात मधून मधून बुरूज. इथे तसं शोधू गेलात तर गोंधळ होईल. पालामिदीत आठ बुरूज आहेत, पण त्यांतला एकेक म्हणजे भिंतीचा फुगवटा नसून स्वतंत्र छोटा किल्लाच आहे. एक पडला तरी बाकीच्यांनी लढत राहावं, अशी ती योजना. भिंती उंच नाहीत, पण जाड आणि पायाशी तिरक्या आहेत, कारण हा किल्ला तोफांसाठी आणि तोफांविरुद्ध बांधला. काम 1711 ते 1714, जेमतेम तीन वर्षांचं. त्याच सुमारास, 1713 मध्ये, आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रं मिळत होती. एवढी हुशारी, एवढा खर्च, आणि पुढच्याच वर्षी, 1715 मध्ये, तुर्कांनी वेढा घालून काही दिवसांत किल्ला घेतला. तटाला शिबंदी पुरत नसेल तर तट काय करणार!

बुरुजांना आज ग्रीक वीरांची नावं आहेत. त्यांतले तीन तरी नीट बघा. अखिलीस हा सगळ्यात कमजोर, तट ठेंगणा. 29-30 नोव्हेंबर 1822 च्या रात्री स्ताइकोस स्ताइकोपुलोस या ग्रीक सरदाराची माणसं शिडी लावून इथूनच आत उतरली. कोंडाण्याची घोरपड आठवल्याशिवाय राहत नाही, इथे शिडीवर भागलं. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रेआसचा दिवस, म्हणून मुख्य बुरुजाला आणि त्यातल्या छोट्या चर्चला त्याचं नाव आहे. इथून गाव, बंदर आणि बुर्त्झी एका नजरेत येतं. फोटो काढायचा तो इथून. मिल्तियादिस हा पुढे तुरुंग झाला.

कैदखान्याचीच दुसरी जागा कोलोकोत्रोनिसची कोठडी म्हणून दाखवतात. थिओदोरोस कोलोकोत्रोनिस म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती. स्वातंत्र्य मिळाल्यावर बव्हेरियाहून आणून बसवलेल्या अल्पवयीन राजाच्या कारभाऱ्यांनी त्याच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला आणि 1834 मध्ये फाशी सुनावली. दोन न्यायाधीशांनी त्या निकालावर सही करायचं नाकारलं. त्यांतला एक पोलिझोइदिस. आता खालच्या रस्त्याची पाटी आठवा. शिक्षा अमलात आली नाही, राजा वयात आल्यावर माफी मिळाली. कोठडीत शिरायला कमरेतून वाकावं लागतं, आत अंधार आणि ओल. माझं डोकं दगडाला आपटलं ते अजून आठवतं. मोबाइलचा दिवा आधी लावा, मग वाका.

वर दीड-दोन तास सहज जातात. अकराच्या आत उतरायला लागा.

बुर्त्झी आणि पाण्याकाठची वाट

बुर्त्झीला बंदरावरून लहान होड्या जातात, हंगामात आणि समुद्र शांत असेल तेव्हाच. होडीत बसण्याआधी एकच विचारा: आत सोडणार की नुसती फेरी मारून आणणार? दोन्ही प्रकार चालतात. सुटे युरो जवळ ठेवा.

किल्ला 1471 ते 1473 मध्ये व्हेनिसने बांधला. इथून गावापर्यंत पाण्यात साखळदंड ताणून बंदर बंद करत. जंजिऱ्याच्या मनाने हे खेळणंच, पण जागा चोख निवडलेली. पुढे पालामिदीचा तुरुंग झाला, तिथे गिलोटिन चालवायची, आणि चालवणाऱ्या जल्लादांना गावात कोणी शेजारी ठेवून घेईना. म्हणून त्यांची सोय या पाण्यातल्या किल्ल्यात केली. 1930 च्या दशकात त्याच खोल्यांचं हॉटेल झालं! कोकणातल्या लोकांना आणखी एक गोष्ट खटकेल: भरती-ओहोटी जवळपास नाहीच. सकाळी पाणी धक्क्याच्या ज्या दगडावर, संध्याकाळीही त्याच्याच आसपास.

उन्हं कलली की बंदराच्या टोकापासून आक्रोनाफ्लियाच्या पायथ्याने अर्वानितिया किनाऱ्यापर्यंत जाणारी पायवाट धरा. किलोमीटरभराची, एका हाताला निवडुंग आणि कडा, दुसऱ्या हाताला समुद्र. दरडीमुळे ती कधी बंद ठेवतात. फाटक लावलेलं असेल तर ओलांडून जाऊ नका, गावातून उलट बाजूने अर्वानितियाला पोचता येतं. अर्वानितियाचा किनारा गोट्यांचा. पोहणाऱ्यांनी रबरी चप्पल घालावी. वाळूच हवी असेल तर तिथून समुद्राकडेने तीनेक किलोमीटर चालत कराथोना.

आक्रोनाफ्लिया परतताना चढून या. राखलेलं फारसं काही नाही आणि विसाव्या शतकात वर हॉटेलं बांधून बरंच घालवलंय. पण भिंतीच्या तळाचे प्रचंड, सांधे जुळवलेले दगड ख्रिस्तपूर्व काळातले आणि त्यांच्या डोक्यावर मध्ययुगातलं बांधकाम, हा थर एकदा हात लावून बघण्यासारखा आहे.

जेवण, आणि 'ने' म्हणजे हो

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, फक्त शब्द माहीत हवेत. ग्रीक चर्चचे उपवास भरपूर, आणि उपवासाला चालणाऱ्या पदार्थाला 'निस्तिसिमो' म्हणतात. त्यात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मात्र आपल्या साबुदाण्यासारखी त्यांच्या उपवासालाही पळवाट आहे: कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात. तेव्हा निस्तिसिमो ऐकून निर्धास्त होऊ नका, ताटात काय आहे ते विचारा. 'होरिस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, त्यात कधी खिमा असतो. खिमा नसलेल्यांना 'ओर्फाना', म्हणजे अनाथ, म्हणतात. मोठ्या पांढऱ्या वालांसारखे 'यिगांदेस', तेलात शिजवलेली फरसबी 'फासोलाकिया', पालक भरलेली 'स्पानाकोपिता' (हिच्यात चीज असतं), एवढ्यावर दोन दिवस छान निघतात. मासे खाणाऱ्यांनी भाव किलोचा आहे की ताटाचा, ते आधी विचारावं. न मागता आलेल्या पावाचेही पैसे बहुधा बिलात असतात. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीवर सरकारी कमाल दर असतो, दुकानातून घ्या.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि 'ओही' म्हणजे नाही. आपल्या कानाला 'ने' हे 'नाही'च वाटतं. टॅक्सीवाल्याला मी तीन वेळा विचारलं, वर जाणार का? तो तीन वेळा 'ने, ने, ने' म्हणाला, आणि मी आभार मानून पुढे निघाले. तो बिचारा गाडीचं दार उघडून उभा. शिवाय भुवया उंचावून मान मागे टाकत 'च्यक्' केलं की त्याचा अर्थ नाही.

खोलीवर गेल्यावर कळेलच, पण आधी सांगून ठेवते: संडासात कागद टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असतात, तुंबले की सगळ्या घराचं बिनसतं. अडीअडचणीला फोन 112.

दुसरा दिवस आणि परत

दुपारचं ऊन संग्रहालयात घालवा. देंद्रा गावी सापडलेलं ब्राँझचं चिलखत तिथे आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, गळ्यापासून मांड्यांपर्यंत पत्र्याची कडी, आणि वर रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. त्यात माणूस बसायचा कसा आणि उठायचा कसा, यावर आईने बराच विचार केला.

तिसरा दिवस असेल तर आसपासचं. तिरिन्स चारच किलोमीटरवर, मायसिनी पंचवीसेक, एपिदाव्रोसचं 55 ओळींचं दगडी नाट्यगृह तीसेक. क्तेल जाते, पण फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ खिडकीवर लिहून घ्या. एपिदाव्रोसला जाताना बसवाल्याला 'आस्क्लिपिइओ' हा शब्द सांगा. नुसतं एपिदाव्रोस म्हणालात तर समुद्रकाठच्या त्याच नावाच्या गावात उतरवून देतील, आणि नाट्यगृह तिथून लांब राहील.

अथेन्सला रविवारी परतायचं असेल तर बसचं तिकीट शनिवारीच काढा. रविवारी दुपारनंतर सगळे अथेन्सकर त्याच खिडकीपुढे असतात.